देवदूताचा डावा पाय

ईस्टरच्या आधीचे पंधरा दिवस आम्ही चर्चमधल्या सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतो. इटलीतल्या फेर्रारा शहरातल्या या लहानशा चर्चच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या त्याला एकतीस वर्षं झाली. कापडं मीच शिवते, मीच चढवते, आणि ईस्टरच्या प्रार्थनेआधी ती काढायची नाहीत हा नेमही पाळते.

त्या मंगळवारी सकाळची माळ जपून दार उघडलं, तर पायरीवर सत्तरीचे नवरा-बायको उभे. रोव्हिगोहून शहर बघायला आले होते, पण किल्ला, राजवाडा सोडून आधी थेट इथेच. नवऱ्याने, एर्मान्नोने, वेदीशेजारचा जांभळा आकार पाहिला आणि त्याचा चेहराच पडला.

"देवदूत कुठंय?"

"आहे की. त्या कापडाच्या आत."

"चर्चला जात असतास तर माहीत असतं," बायको लोरेदाना म्हणाली. "लग्नानंतर कधी पायरी चढलास?"

मग त्याने सांगितलं. त्याचे आजोबा आन्सेल्मो चुन्याच्या मूर्ती घडवायचे. युद्धात बॉम्ब पडून देवदूताचा डावा पाय उडाला. तो आपण नवा केला आणि खूण म्हणून मुद्दाम सहा बोटं ठेवली, असं ते मरेपर्यंत सांगत राहिले. गावाने त्यांना बढाईखोर ठरवलं.

"घरातही सगळे त्यांना हसायचे. मीसुद्धा हसलोय," तो म्हणाला. "ते खरं बोलत होते का, एवढंच एकदा बघायचं होतं."

त्या पायावरची धूळ मी एकतीस वर्षं पुसत आले. बोटं किती, मला सांगता येईना.

"ताई, जरासा कोपरा उचला. देव काय रागावणार आहे?"

"देवाचं मला माहीत नाही. माझा नेम आहे."

तो बाकावर बसून राहिला. मलाही चैन पडेना. दिवे पुसता पुसता सुचलं आणि मी हळूच म्हटलं, "बघायचं नाही, एवढंच आहे हो. हात लावायचा नाही, असं मला कुणी सांगितलेलं नाही."

तो झटकन उठला. डोळे मिटून कापडावरून बोटं फिरवू लागला. "एक, दोन, तीन..." थांबला. पुन्हा मोजलं. "पाच. पाचच आहेत."

लोरेदाना टोमणा मारणार होती, पण त्याच्याकडे बघून तिने नुसता त्याचा खांदा थोपटला.

"अहो, तो उजवा पाय," मी म्हटलं. "देवदूत आपल्याकडे तोंड करून उभाय ना!"

"अरे देवा! जन्मभर भिंतींना गिलावा केलास आणि डावं-उजवं कळेना!" लोरेदानाने कपाळाला हात लावला.

तो दुसऱ्या बाजूला सरकला. या खेपेला मोजायला बराच वेळ घेतला.

"सहा," तो म्हणाला. "करंगळीच्या बाहेर आणखी एक आहे. नखसुद्धा काढलंय म्हाताऱ्याने."

"सरक, मला बघू दे," म्हणत लोरेदानाने कापडावरून हात फिरवला. मग मी. खरंच सहा.

एर्मान्नोने तिथूनच थोरल्या भावाला फोन लावला. "तुल्लियो, उद्याच्या गाडीने इकडे ये. नाही, काही दिसणार नाही. हात धुऊन ये."