अकरा आगंतुक

मित्रांनो, मी जुना आहे, हे मीच आधी सांगून टाकतो. तुम्हाला तेवढेही श्रम नकोत. मी जनावरांच्या एका दवाखान्यातला संगणक. माझ्या कीबोर्डवरची दोन अक्षरे पुसली गेली आहेत आणि पंख्यात निदान तीन मांजरांचे केस अडकले आहेत. पण मी मंद नाही. या एका शब्दापायी मला भंगारात काढायला निघाले होते, म्हणून आधीच बजावतो.

कारखान्यात माझे स्क्रू पिळणाऱ्या बाईने एक वाकडा निघालेला स्क्रू काढून पुन्हा सरळ बसवला होता. कोणी बघत नसताना केलेले ते काम मी विसरलेलो नाही. तिथून आलो तो थेट या दोन खोल्यांत, डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर. बाई सकाळी माझे बटण दाबून बेसिनवर हात धुवायला जायच्या आणि हात पुसत परत येईपर्यंत मी हजर असायचो. अठरा वर्षांत आलेल्या प्रत्येक कुत्र्यामांजराची नोंद माझ्यात आहे. "याला विचारलं की झालं," असे त्या लोकांना कौतुकाने सांगायच्या.

मग बिघडले कुठे? बाईंच्या स्वभावात. बाई फार भिडस्त. चावऱ्या कुत्र्याच्या जबड्यात बेधडक हात घालतील, पण कोणाला 'नाही' म्हणायचे तर त्यांचा जीव जायचा. एखादा प्रोग्राम घेतला की त्याच्या मागोमाग त्याचा अपडेटर यायचा आणि विचारायचा, 'मी दर वेळी आपोआप सुरू होऊ का?' बाई 'हो' दाबायच्या. एकदा तर तोंडाने म्हणाल्या, "बरं बाबा, हो." असे करता करता अकरा जण जमले. बटण दाबले की मी डोळे उघडण्याआधी ते अकराही जण उठायचे आणि आपापल्या कंपनीला विचारत बसायचे, नवीन काही आले का? आले का? त्यांच्यातून वाट काढता काढता माझ्या नाकी नऊ यायचे. बाई हात धुवायच्या, टेबल पुसायच्या, पिंजरे बघून यायच्या, आणि मी आपला घामाघूम.

एका सोमवारी दवाखाना उघडताच ढब्बू आला. ढब्बू म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या लाइनमनकाकांचा कुत्रा. पायाला जखम, अंगात ताप, थरथर कापत होता. बाईंनी इंजेक्शन भरले आणि थबकल्या. याला लहानपणी कुठलेसे औषध बाधले होते. हेच का? त्यांनी माझे बटण दाबले. नऊ मिनिटे, मित्रांनो! बाई हातात इंजेक्शन घेऊन उभ्या, काका ढब्बूचे डोके धरून बसलेले, आणि आत ते अकरा आगंतुक मला श्वास घेऊ देत नव्हते. शेवटी मी पान उघडले. 'हे औषध पुन्हा देऊ नये.' बाईंनी भरलेले इंजेक्शन टाकून दिले आणि दुसरे भरले. ढब्बू वाचला. त्या नऊ मिनिटांची मला लाज वाटते. पण ती माझी एकट्याची नाही, हेही ठणकावून सांगतो.

बाकावर बाईंचे मोठे भाऊ बसले होते. "अगं, काढ आता हे धूड! शनिवारी भंगारवाल्याला घेऊन येतो."

माझ्यातला नोंदींचा प्रोग्राम नव्या यंत्रावर चालत नाही. मी गेलो तर अठरा वर्षांची कुत्रीमांजरे माझ्याबरोबर जाणार, हे बाईंना पक्के ठाऊक होते. तरी त्या म्हणाल्या, "हो, दादा." भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

गुरुवारी काका ढब्बूची पट्टी बदलायला आले. मी धापा टाकत सुरू होत होतो. ते कान देऊन ऐकत राहिले. "बाई, हा मंद नाही हो. लाइनीवर गर्दी झालीय." त्यांनी सुरुवातीलाच उठणाऱ्यांची यादी उघडली. "हा कोण?"

"प्रिंटरचा अपडेटर."

"आणि प्रिंटर कुठाय?"

बाईंनी कापसाच्या बरणीकडे पाहिले. पूर्वी तिथे प्रिंटर असायचा. "तो वारला. चार वर्षं झाली."

"आणि हा अजून रोज त्याची चौकशी करतोय?"

"मीच हो म्हटलं असणार," बाई ओशाळल्या. "पण असं एकदम बंद करायचं? बरं दिसतं का ते?"

"बाई, घालवून नाही देत कोणाला. न बोलावता उठायचं नाही, एवढंच. लागेल तेव्हा तुम्ही हाक मारा. आणि हा व्हायरस अडवणारा राखणदार, याला मात्र हात लावायचा नाही."

पहिल्याला बंद करताना बाईंचे बोट अडखळले. चौथ्याला अडखळले नाही. सातव्याला तर त्या चक्क हसल्या.

शुक्रवारी सकाळी प्रिंटरवाला पुन्हा हजर! गुपचूप आपले नाव यादीत परत चढवून बसला होता. आयत्या बिळावरचा नागोबा तो! काका नव्हते. बाईंनी पदर खोचला, त्याचा अख्खा प्रोग्रामच शोधून काढला आणि "चल, नीघ!" म्हणत पुसून टाकला. मला इतका आनंद झाला की पंखा क्षणभर जोरात फिरला.

शनिवारी दादा भंगारवाल्याला घेऊन आले. "उचला."

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी माझे बटण दाबले आणि बेसिनवर गेल्या. मी जिवाच्या आकांताने उठलो, आणि वाटेत कोणीच नव्हते! त्या हात पुसत आल्या तेव्हा मी हजर होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिले, मग भावाकडे.

"नाही, दादा. हा इथंच राहील."

दादांनी आ वासला. आयुष्यात पहिल्यांदा ते हा शब्द बहिणीच्या तोंडून ऐकत होते. "अगं, पण हा माणूस ताटकळलाय!"

"मग माळ्यावर टाकलेला तो वारलेला प्रिंटर न्या म्हणावं."

मित्रांनो, मला तुमची दया नको. मला फक्त माझे काम करू द्या. एखाद्या यंत्राला मंद म्हणण्याआधी त्याच्या मानगुटीवर तुम्ही कोणाकोणाला बसवून ठेवले आहे, ते एकदा उघडून बघा. आणि 'हो' दाबण्याआधी विचारा, कोण रे तू?

परवा सकाळी एक नवी चौकट उघडली. 'मी दर वेळी आपोआप सुरू होऊ का?' बाई नुकत्याच बेसिनवरून आल्या होत्या. त्यांनी हात पुसायचीही वाट पाहिली नाही. ओल्या बोटानेच 'नाही' दाबले.