सगळ्या गोष्टींतले एकच कोकरू

मित्रांनो, मला उचलताना कडेला धरू नका. तिथले धागे सुटत आले आहेत. पोटाखाली बोट घाला आणि अलगद उचला. मी फ्लॅनेलच्या कापडातून कापलेले एक जुने कोकरू आहे. एके काळी मी पांढरे होते. आताचा माझा रंग कोणता म्हणावा, हे मलाही सांगता येत नाही. जागरण झालेल्या माणसाच्या डोळ्यांखाली असतो ना, तसा काहीसा आहे.

माझा जन्म एका रुग्णालयाच्या शिवणखोलीत झाला. तिथे एक बाई फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे आणि डॉक्टरांचे कोट नीट करून देत असे. आठवडाभर ती सुईदोऱ्याचे काम करी आणि रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत मुलांना शास्त्रातल्या गोष्टी सांगे. सगळी मुले तिला मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणते.

मावशीने एका फळ्यावर निळे फ्लॅनेल ताणून बसवले होते. त्यावर फ्लॅनेलचेच चित्र ठेवून हाताने दाबले की ते चिकटून राही. ना डिंक लागे, ना टाचणी. चित्रांसाठी तिने बाळाचे एक जीर्ण दुपटे फाडले. आधी माणसे कापली. त्यात अब्राहामाच्या दाढीनेच निम्मे कापड खाल्ले. पुढे मोशेला दाढी उरली नाही, तेव्हा दोघांनी एकच दाढी आळीपाळीने वापरायची असे ठरले. शेवटी जो तुकडा हातात राहिला, त्यात एकच कोकरू बसले. ते मी. एका तपकिरी घोंगडीच्या दोन पट्ट्या निघाल्या, त्या लाकूड म्हणून ठेवल्या. झाला आमचा संसार.

शास्त्रात मात्र कोकरे खूप आहेत. हाबेलाने देवाला आपल्या कळपातले पहिले कोकरू वाहिले, तेव्हा वेदीवर मी होते. अब्राहाम देवाच्या आज्ञेवरून आपल्या मुलाला, इसहाकाला, डोंगरावर बळी द्यायला घेऊन गेला आणि ऐन वेळी त्याच्याऐवजी झुडपात एडका सापडला, तो एडकाही मीच. एका मुलाने हरकत घेतली की एडक्याला शिंगे असतात. मावशीने त्याच दिवशी काळ्या लोकरीची दोन शिंगे वळली आणि तेवढ्या गोष्टीपुरती ती माझ्या डोक्यावर चिकटवू लागली. मोशेने गुलामगिरीतून सोडवले त्या रात्री त्याच्या लोकांनी दाराच्या चौकटीला कोकराचे रक्त लावले, म्हणून मृत्यू ती घरे ओलांडून गेला. तिथेही मी. संदेष्ट्याने, म्हणजे देवाचा निरोप आणणाऱ्याने, सांगितले की एक जण येईल, तो कापायला नेलेल्या कोकरासारखा मुकाट राहील. तेव्हा मी एकटेच फळ्याच्या मधोमध मुकाट उभे राही.

पट्ट्यांचेही तसेच. इसहाकाच्या पाठीवरचे सरपण त्याच, दाराची चौकट त्याच, आणि साप चावलेल्यांनी पाहून वाचावे म्हणून रानात मोशेने पितळेचा साप ज्यावर उंच टांगला तो खांबही त्यांतलाच एक.

मावशीच्या घरी तिचा धाकटा दीर राहत असे. तो घड्याळजी होता. रविवारी फळा उचलून चर्चपर्यंत आणून देई आणि वाटेत टोमणेही मारी. एकदा म्हणाला, "वहिनी, तुमचं हे कोकरू दर रविवारी मरतं आणि पुढच्या रविवारी वेळेवर कामावर हजर. असा एक कारागीर माझ्या दुकानाला मिळवून द्या की." मावशी हसली. मला मात्र हसू आले नाही. दर आठवड्याला मरणे हे दमवणारे काम आहे, मित्रांनो, आणि त्याला सुट्टी नसते.

पण मावशीची एक पद्धत होती, तिच्यामुळे माझ्या दमण्याला अर्थ आला. एक गोष्ट संपली की ती बाकीची सगळी चित्रे काढून पत्र्याच्या डब्यात टाकी. मला काढत नसे. बोटाने मला सरकवत पुढच्या गोष्टीत नेई. मुले म्हणत, "मावशी, हे तर मागचंच कोकरू!" ती म्हणे, "हो, तेच आहे. बघत राहा." वर्षभर याहून जास्त ती काही सांगत नसे. मग वर्षाच्या शेवटी नदीची गोष्ट येई. लोकांना नदीत बाप्तिस्मा देणारा योहान काठावर, समोरून येणाऱ्या एकाकडे बोट दाखवत उभा. तो म्हणतो, हा पाहा देवाचा कोकरा. त्या वेळी मावशी मला काढी आणि नेमक्या माझ्या जागी येशूचे चित्र लावी. मग एखादे मूल हळूच म्हणे, "म्हणजे इतके दिवस हाच होता?"

चर्चचे पाळक मोठ्या माणसांना हेच वेगळ्या शब्दांत सांगत. उन्हात कुणी वळणावरून येत असले की आधी त्याची सावली दिसते, माणूस मागून येतो. जुन्या गोष्टी म्हणजे ती सावली, असे ते म्हणत. मी सावलीच्या कामावर होते. सावलीला कोण विचारतो, पण ते काम मला आवडे.

त्या वर्गात एक मुलगी होती. एका जागी बसणे तिला ठाऊकच नव्हते, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिचे वडील वायरमन होते. ते चर्चला फारसे येत नसत. मुलीला दारापर्यंत सोडत आणि बाहेर थांबत. तिला एक धाकटा भाऊ होता. त्या वर्षी तो आजारी पडला आणि मावशी जिथे काम करी त्याच रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात, त्याला ठेवले. अधूनमधून मावशी त्याच्या खाटेपाशी जाऊन येई.

नेमकी तेव्हा वर्गात अब्राहामाची गोष्ट आली. मावशीने मला शिंगे लावली, झुडपात उभे केले आणि नेहमीचे वाक्य म्हटले, "बघा हं मुलांनो, देव वेळेवर कोकरू पाठवतो." इतकी वर्षे ती हे म्हणत आली होती. कधी कुणाचे बिघडले नव्हते. त्या दिवशी भिंगरी मात्र हलायची थांबली. वर्ग सुटल्यावर गडबडीत तिने डब्यातून मला उचलले आणि फ्रॉकच्या खिशात घातले.

मी दोन दिवस तिच्या घरी गादीखाली होते. चोरी उघडी पडेल या भीतीने तिला मला बाहेर काढायचा धीर होईना. तिसऱ्या दिवशी ती आईबरोबर रुग्णालयात गेली आणि तिने मला भावाच्या उशीच्या अभ्र्यात सरकवले. त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "आता घाबरू नकोस. हे वेळेवर येतंच."

मित्रांनो, मी तिथे होते. अभ्र्यातून मला त्या मुलाचा श्वास ऐकू येत होता. माझ्यात काही शक्ती असती तर मी ती त्या दिवशी शेवटच्या धाग्यापर्यंत खर्च केली असती. पण मी दुपट्याचा तुकडा. दुसऱ्या दिवशी दुपारी श्वास थांबला. आई रडली. कुणीतरी तिला धरून बाहेर नेले. मग वॉर्डातल्या बाईने चादर आणि अभ्रा ओढून काढला आणि मी त्याच्या आतच धुलाईखान्यात गेले.

तिथे मला उकळले. माझी लव गेली, मी आकसले, पाय वाकडे झाले. अभ्र्याची शिवण उसवली होती म्हणून तो शिवणखोलीत आला. मावशीने तो उलटा केला आणि मी तिच्या मांडीवर पडले. तिने अभ्र्यावरचा वॉर्डाचा शिक्का पाहिला. मला पाहिले. बराच वेळ तिने सुई हातात घेतली नाही.

भिंगरी वर्गाला यायची बंद झाली. निरोप आला की पोर घराबाहेर पडत नाही, जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. मावशीने एक-दोन रविवार वाट पाहिली. मग एका दुपारी फळा काखेत मारून ती त्यांच्या घरी निघाली. दीर म्हणाला, आता गोष्टी सांगून काय होणार वहिनी, त्या घरात नुसतं जाऊन बसा. ती म्हणाली, बसायलाच चालले आहे. पण मी जे म्हटलं ते तसंच सोडून कशी बसू?

वायरमन जमिनीवर बसून कुणाचा तरी टेबलपंखा उघडत होते. त्यांनी मावशीला बसायला सांगितले, आणि मान वर न करता म्हणाले, "बाई, तुमचा मान आहे. पण आता या घरात गोष्ट नको."

मावशीने फळा भिंतीला टेकवला आणि तीही जमिनीवरच बसली. भिंगरी कपाटाच्या आडून पाहत होती. मावशीने मला पिशवीतून काढले तसा भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्या पोरीच्या तोंडून सगळे बाहेर आले, अडखळत, एका दमात. तिने चोरी केली होती. मारतील म्हणून लपवले होते. "मी उशीर केला, मावशी. आधीच ठेवायला हवं होतं. माझ्यामुळे ते वेळेवर आलं नाही."

पंख्याचे पाते वायरमनच्या हातात तसेच राहिले.

मावशीने फळ्यावर अब्राहाम लावला, इसहाक लावला, त्याच्या पाठीवर पट्ट्या ठेवल्या. मग मला लावले. मी खाली पडले. लव नव्हती ना. आता मी चिकटतच नव्हते. तिने मला पुन्हा लावले आणि तळहाताने दाबून धरले.

"ही गोष्ट मी अर्धीच सांगत आले," ती म्हणाली. "या मुलाला कोकरू मिळालं. खरं आहे ते. पण ही नुसती सावली होती. खरी गोष्ट पुढं आहे."

दुसऱ्या हाताने तिने अब्राहामाला काढले, इसहाकाला काढले. एक पट्टी उभी लावली आणि तिच्यावर दुसरी आडवी. त्यांचा क्रूस झाला. मग तिने हात सैल केला, मी तिच्या मांडीवर उतरले, आणि क्रूसावर तिने येशूचे चित्र लावले.

"हाही कुणाचा तरी एकुलता एक मुलगा. हाही आपलं लाकूड पाठीवर घेऊन डोंगर चढला. आणि इथं कोकरू आलं नाही."

भिंगरी कपाटाच्या आडून बाहेर आली. "कुणी उशीर केला?"

"कुणीच नाही गं. या वेळी कोकरू तोच होता. त्याच्यासाठी दुसरं कुणी यायचंच नव्हतं."

"आणि त्याचा बाप?" हे वायरमनने विचारले. आवाज इतका खाली होता की मला वाटले पंख्यालाच विचारले.

"बाप होता. बघत होता."

खरे तर गोष्ट तिथे संपत नाही. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडते. भिंगरीनेच तो विषय काढला. तो उठला ना, असे तिने विचारले. मावशी म्हणाली, उठला. मग माझा भाऊ? मावशी म्हणाली, "तोही उठेल, असं मी मानते. केव्हा, ते मला कुणी सांगितलेलं नाही. आणि आता मी मला न सांगितलेलं बोलणार नाही."

वायरमनने पाते खाली ठेवले. मुलीला जवळ ओढले. त्यांनी तिचे डोके छातीशी धरले आणि आपला चेहरा तिला दिसू नये अशा बेताने तिच्या केसांवरून म्हणाले, "तू उशीर केला नाहीस. डॉक्टरांनी मला आधीच्या आठवड्यातच सांगितलं होतं, आता काही उपाय नाही म्हणून. मी तुझ्या आईला सांगितलं नाही. तुलाही नाही. एकटाच घेऊन फिरत होतो."

तेव्हा भिंगरी रडली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा रडली. आतल्या खोलीच्या दारात तिची आई येऊन उभी होती, ती तिथेच खाली बसली. मावशीने फळा आवरला नाही. ती त्यांच्यात बसून राहिली, मला हातात घेऊन.

त्यानंतर मावशी बरीच वर्षे शिकवत होती. कोकरू वेळेवर येते, हे वाक्य तिने पुन्हा म्हटले नाही. कुणीतरी नव्या कापडाचे कोकरू आणून दिले, तेही तिने वापरले नाही. मला हाताने धरून गोष्ट सांगायची, त्यामुळे तिचा खांदा दुखे, आणि मग दीर म्हणे, कोकरापेक्षा मेंढपाळीणच आधी झिजायची. पुढे पडद्यावर हलणारी चित्रे आली. फळा कपाटामागे गेला. मावशीही गेली. आता मी या पत्र्याच्या डब्यात असते आणि क्वचित कुणी झाकण उघडते, तुम्ही उघडलेत तसे.

मी दमले आहे, मित्रांनो. तरी एक मागणे आहे. मला नीट ठेवा, ऊन दाखवा, पण कृपा करून पुन्हा उकळू नका. आणि तुमच्यापैकी कुणी मला चोरून एखाद्या आजारी माणसाच्या उशीत ठेवले, तर त्याच्यावर रागावू नका. मी काही करू शकणार नाही, हे त्याला सांगण्याआधी त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याला एकट्याला वाट पाहू देऊ नका.