दोन दिवसांपुरता नियम

त्याने नियमांची यादी तिसऱ्यांदा वरून खाली वाचायला घेतली. नवा मेल सर्व्हर सुरू होऊन चार दिवस झाले होते, आणि ऑफिसात कुणाचं काही अडलं की खापर त्या सर्व्हरवर, म्हणजे त्याच्यावर, फुटत होतं. आज खरेदी विभागातल्या बाई हटून बसल्या होत्या. नव्या पुरवठादाराचा एकही मेल पोचत नव्हता.

चाळिसाव्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. पुरवठादार वापरत होता त्या मेलसेवेवरून येणारं सगळं अडवून बाजूला ठेवा, असा नियम होता. सहा वर्षांपूर्वी तिथून फसव्या मेलचा पूर आला, तेव्हा दोन दिवसांपुरता म्हणून त्यानेच तो घातला होता आणि साफ विसरला होता. घर बदलताना अडगळही सोबत यावी, तसा तो नव्या सर्व्हरवर आला होता.

त्याने नियम काढून टाकला. जुना सर्व्हर पाच वाजता कायमचा बंद व्हायचा होता, म्हणून तिथे अडकून पडलेलं त्याने एकदा चाळलं. जाहिराती, लॉटऱ्या, आणि मध्येच दादाचं नाव.

आईच्या आजारपणात कोण किती राबलं, यावरून भावाभावांत फाटलं होतं. फोनवर शब्दाने शब्द वाढतो, म्हणून लेकीच्या लग्नाआधी त्याने ऑफिसच्या मेलवरूनच दादाला दोन ओळी लिहिल्या होत्या. चुकलं माझं, ये. उत्तर आलं नाही. तेव्हापासून घरात दादाचं नाव काढायची सोय राहिली नव्हती.

उत्तर तिसऱ्याच दिवशी आलेलं होतं. ‘गुरुवारी सकाळी नऊच्या गाडीने येतोय. तुझं नवं घर मला ठाऊक नाही. स्टेशनवर घ्यायला ये.’

खाली गुरुवारचा आणखी एक. ‘पाचपर्यंत वाट पाहिली. परत निघालोय. पोरीला आशीर्वाद सांग.’

त्या गुरुवारी लग्नघरी येईल त्याला तो सांगत होता, की दादाचं काळीज दगडाचं आहे.

बाईंचा फोन आला. मेल यायला लागले होते. सर्व्हरचं काय बिघडलं होतं, असं त्यांनी विचारलं.

“सर्व्हरचं नाही. चूक माझी होती.”

“मग इतके दिवस लक्षात कसं नाही आलं?”

“तिकडे बघितलंच नाही मी.”

पाचाला दहा मिनिटं होती. त्याने घरी बायकोला फोन लावला.

“दादाचा नंबर कुठे मिळेल?”



“माझ्याकडे आहे. तुम्ही खोडलात, मी नाही.”

जुना सर्व्हर बंद करायचा अर्ज समोर होता. तो उलटा करून त्याने नंबर लिहून घेतला.