सकाळी सातचा आकडा

सिमेंटमधल्या ओलाव्यावर मी पीएचडी केली आहे. त्यामुळे ताईने पश्चिमेकडच्या खोलीत लाकडी फ्लोअरिंग करायचं ठरवलं, तेव्हा तिने मला बोलावलं. खरं तर बोलावलं नव्हतं, मीच जाऊन बसलो.

खालचा कोबा महिन्यापूर्वीचा. सुतारकाकांनी त्यावर तळहात टेकवला. "अजून तीन आठवडे थांबू या."

"काका, हाताने कुणी ओल मोजतं का?" मी हसलो. कोब्यात भोक पाडून मीटर बसवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, कडाक्याच्या थंडीत, आतल्या दमटपणाचा आकडा वाचला. मर्यादेच्या आत! "ठणठणीत कोरडा," मी जाहीर केलं. काकांनी ताईकडे पाहिलं, ताईने माझ्याकडे. शेवटी रक्ताचं नातं जिंकलं.

दोन महिन्यांनी ऊन तापलं आणि ताईचा फोन आला.

"तुझं फ्लोअरिंग उठलंय."

"उठलंय म्हणजे?"

"म्हणजे खोलीत टेकडी झालीय. कपाटाचं दार उघडेना. तुझे भाऊजी ऑफिसला लेकाचा फुटबॉलचा शर्ट घालून गेलेत."

धावतपळत गेलो. काकांनी दोन फळ्या काढल्या, मी त्याच भोकात मीटर घातला. मोठ्या काचेतून दुपारचं ऊन थेट आत येत होतं. आकडा पार वर गेला होता.

मी घसा खाकरून समजावू लागलो. हवा तापली की तिचा दमटपणा घटतो, कोब्याचं नेमकं उलटं. तो तापला की बारीक छिद्रांना चिकटलेलं पाणी सुटतं आणि थेंबभर पाणी न वाढता आतला दमटपणा वाढतो. वर फळ्यांचं झाकण, मग ती वाफ लाकडातच शिरणार.

"हे तुला कधी कळलं?" ताईने विचारलं.

"माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण यावरच आहे."

तेवढ्यात घरी आलेले भाऊजी हसता हसता टेकडीवरच बसले.

काकांनी सगळ्या फळ्या उचलल्या. महिनाभर खोली उघडी ठेवली. मग चार दिवस ओळीने मी भर दुपारी तीनला आकडा घेतला, आणि तो खाली उतरल्यावरही आधी काकांना विचारलं, "घालू या?"

त्यांनी तळहात टेकवला. "आता घालू."

त्या दिवशी मी फळ्या उचलून देत होतो. बाकी कशालाही हात लावायची परवानगी ताईने दिली नव्हती.