कापऱ्याचं सुतक

चैत्राचं पांढरंफटक ऊन तांबड्या वाटेवर, भाताच्या वाळल्या कुणग्यांवर, निःशब्द माडांच्या शेंड्यांवर साचून राहिलं होतं. बांधावरच्या कोवळ्या आम्रतरूला यंदा पहिल्यांदाच फळ धरलं होतं. द्वारकेचे डोळे नऊ वर्षं त्या फळाकडे लागले होते.

तिथंच पूर्वी कापऱ्या होता. विशालस्कंध, घनश्यामपर्ण, रायवळाच्या त्या जातीचं पंचक्रोशीतलं एकुलतं एक झाड. कैरीला कापराचा गंध, आणि आंबटपणा असा की दात शिवशिवावेत. पिकला तरी त्याला कुणी विचारत नसे. पण त्याची आंबोशी, मीठ लावून उन्हात वाळवलेली ती फोड, बांगड्याच्या सारात पडली की वाडी बोटं चाटी.

वादळात तो कोसळला. कलमं बांधणारा भिवा गावडे धावत आला, जिवंत काडी मागू लागला. द्वारका आडवी आली. घरचं माणूस गेलंय, तेरा दिवस त्याला पातं लागू देणार नाही, म्हणाली. तिनं झाडाचं सुतक पाळलं. तेरावा दिवस सरल्यावर सुरी लागली, तेव्हा काडीतला जीव सुकला होता. वेडी माया, मायेनंच घात केला!

उरली एक कोय. तीच तिनं रुजवली. कोयीचं झाड बापावर जाईलच असं नाही, असं भिवा पुटपुटला. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आणि आता घरात आबा, तिचा नवरा, अंथरुणाला खिळलेला, अन्नावरची वासना उडालेला. “कापऱ्याचा आंबट येवंदे, मगे जेवतलंय,” एवढंच त्याचं मागणं.

पहिली कैरी चिरली. सुनेनं फोड तोंडात टाकली आणि हरखली. “आये गे, ही तर गॉड लागता!”

द्वारकेनं स्वतः एक फोड चाखली. गोड! नऊ पावसाळे, नऊ उन्हाळे, आणि गोड!

तरी तिनं फोडी वाळवल्या. चार उन्हं खाल्लेली ती आंबोशी सारात सोडली, आणि पदराआड वाटी धरून चोरून चिंचेचा कोळ ओतला.

आबानं घास घेतला. डोळे मिटले. विझत्या चेहऱ्यावर हसू उमटलं. “होच तो! कापऱ्याच!”

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ओळख पटली होती, भलत्याच आंबटाची. वाडी तर केव्हाच विसरली होती. कापऱ्या आता उभ्या जगात एकाच जिभेवर उरला होता. आणि ती जीभ दातांखाली घट्ट धरून द्वारका त्याला दुसरा घास भरवत राहिली, भरवत राहिली.