माझ्यात काहीच सापडले नाही

मित्रांनो, मी बटणांचा फोन आहे. माझ्या वयाचे फोन आता फारसे उरलेले नाहीत. माझा पडदा काडेपेटीएवढा. माझ्यावर बोलता येते, निरोप लिहिता येतो, गजर लावता येतो. बाकी सगळ्याच्या नावाने शून्य.

पहिली नऊ वर्षे मी एका नळदुरुस्तीवाल्याच्या खिशात काढली. दोनदा बादलीत पडलो, एकदा जिन्यावरून. "हा काही मरत नाही," असे तो कौतुकाने सांगे. मग त्याच्या मुलीने त्याला मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला आणि मी दुरुस्तीच्या दुकानातल्या खणात जाऊन पडलो.

तिथून मला एका चष्मेवाल्याने उचलले. तिशीच्या आतबाहेरचा, दिवसभर काचा घासून फ्रेममध्ये बसवणारा माणूस. "ज्यावर काहीच दिसत नाही असा फोन द्या," तो म्हणाला.

"लोकांना दिसावं म्हणून चष्मे करता, आणि स्वतःला हे?" दुकानदार हसला. चष्मेवाला हसला नाही.

कारण मला पुढे कळले. शाळेत असल्यापासून त्याला अश्लील व्हिडिओ पाहण्याची सवय जडली होती. आधी कुतूहल, मग रोजचे, मग कामातून वेळ चोरून. आता तो दर गुरुवारी समुपदेशकाकडे जाई. स्मार्टफोन त्याने काढून टाकला होता.

पुस्तकबांधणी करणारी एक मुलगी चष्म्याची काडी तुटली म्हणून दुकानात आली, आणि महिन्याभरात माझ्यावर सर्वांत जास्त तिचेच फोन येऊ लागले. चौथ्या भेटीत चहाच्या टेबलावर तिने मला उचलले. "हा कुठल्या संग्रहालयातला?"

थाप सहज खपली असती. त्याने खरे ते सांगितले.

तिने मला खाली ठेवले आणि कप बाजूला सारला. "म्हणजे माझ्याकडे बघतानाही तुझ्या डोक्यात तेच असतं?"

"पूर्वी कोणाकडेही बघताना असायचं. आता कमी झालंय. अजिबात नाही म्हणालो तर खोटं होईल."

आठ दिवस मी तिच्या नावाने वाजलो नाही. नवव्या दिवशी तिचा फोन आला. "ताईला सांगितलं. ती म्हणते, सोड त्याला. मी अजून काही ठरवलेलं नाही. रविवारी भेट."

असे पाच महिने गेले. एका दुपारी तिच्या कारखान्यात तो हाताला लागलेला डिंक धुवायला गेला. मी टेबलावर होतो. तिने मला उचलले आणि एकेक निरोप, एकेक नंबर वाचून काढला. दुकानाची कामे, त्याच्या आईची औषधे आणि ती स्वतः. बाकी काहीच नाही.

तो परत आला तेव्हा मी तिच्या हातातच होतो. "मी तुझा फोन तपासला," ती म्हणाली. "काही सापडलं नाही."

तो खुर्चीवर बसला. "त्यात सापडणारच नव्हतं. मंगळवारी दुकानातल्या कॉम्प्युटरवर पाहिलं. समुपदेशकांना सांगितलं. तुला सांगायला जीभ रेटत नव्हती."

तिने मला टेबलावर ठेवले. "मला राग आलाय, आणि तो आज जाणार नाही. पण तुझी चौकीदारीही मला करायची नाही. आत्ता मी जे केलं ते माझं मलाच आवडलं नाही. यापुढे मी विचारायच्या आत तू सांगायचंस."

"पुन्हा होणार नाही, असं वचन देत नाही," तो म्हणाला. "सांगेन, एवढं नक्की."

दुसऱ्याच दिवशी त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरचे तोंड गिऱ्हाइकांकडे फिरवले. त्यानंतर दोनदा त्याने भरदुपारी माझ्यावरून तिला सांगितले, "झालं पुन्हा." एकदा तिने मधेच फोन ठेवला आणि दोन दिवस आली नाही. मग आली. या सगळ्यालाही आता दीड वर्ष झाले. मागच्या महिन्यात तिची ताई पहिल्यांदा दुकानात पाऊल टाकून डोळे तपासून घेऊन गेली. जाताना म्हणाली, "काचा नीट घास हो."

माझी बॅटरी आता फुगली आहे, पाचाचे बटण दबत नाही. मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. पण कोणी मान खाली घालून तुम्हाला खरे सांगू लागले, तर त्याचे बोलणे पुरे होऊ द्या. रागवायचे ते नंतर रागवा.