माझ्या शेजारचा बुटका

मित्रांनो, मी एक जुना सागवानी काउंटर आहे. परवाने देणाऱ्या सरकारी कचेरीत दारातून आत आलं की समोर मीच दिसतो. माझ्या शेजारी प्लायवूडचा एक बुटका काउंटर आहे. मला त्याचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझं बोलणं तिरकस वाटलं तर नवल वाटायला नको.

ज्या सुतारानं मला घडवलं, त्याला तेव्हाच्या साहेबांनी एवढंच सांगितलं होतं, "भक्कम हवा आणि उंच हवा. लोक अंगावर येतात." म्हणून मी उंच झालो. माझी वरची फळी अखंड आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कोपरांनी तिची कड इतकी गुळगुळीत झाली की पॉलिशची गरज उरली नाही. "आता असं लाकूड मिळत नाही हो," असं म्हणत लोक माझ्यावर बोटांनी टकटक करायचे. बुटकी माणसं टाचा उंचावून बोलायची. म्हाताऱ्या हात वर करून कागद सरकवायच्या. मला वाटायचं, हा माझाच मान आहे.

एकदा एक तरुण आपल्या धाकट्या बहिणीची व्हीलचेअर ढकलत आला. तिला मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढायचं होतं. गाळा ठरला होता, परवाना तेवढा हवा होता. कारकून माझ्या मागे बसतात. त्यांना भाऊ दिसला, ती दिसली नाही.

"अर्जदार कुठाय?"

"ही काय, माझी बहीण."

कारकुनांनी मान लांब केली. "असं होय. शिकलीय का काही? सही येते हिला?"

"साहेब, मी इथे खाली आहे," ती म्हणाली. "मलाच विचारा ना."

"हो, हो," म्हणत कारकून पुन्हा भावाकडे वळले. "सही माझ्यासमोर रजिस्टरात करावी लागते. रजिस्टर काउंटरवरून हलवायचं नाही, असा नियम आहे. हिचा हात काही इथवर पोचत नाही. असं करा, परवाना तुमच्याच नावावर घ्या. घरातल्या घरात काय फरक पडतो?"

भावाला ते पटल्यासारखं दिसलं. ती मात्र म्हणाली, "दुकान मी चालवणार आणि नाव तुझं? दादा, चल घरी."

काही महिन्यांनी सरकारचा आदेश आला. दिव्यांगांना आपली कामं आपल्या हातांनी करता यावीत, म्हणून प्रत्येक कचेरीत चढायला उतार, रुंद दार आणि एक बुटका काउंटर असलाच पाहिजे. आमच्या पायऱ्यांशेजारी उतार झाला, दार रुंद झालं आणि माझ्या शेजारी तो उभा राहिला. उभा कसला, बसलाच म्हणा. प्लायवूडचा, वर सनमायका! तरी साहेब कौतुकानं त्याच्याभोवती फिरत होते. त्याला घडवणारा नवा सुतार तो खालून मोकळाच ठेवणार होता. साहेब म्हणाले, "पुढून बंद कर रे. उघडं बरं दिसत नाही." मग तपासणी झाली, फोटो निघाले. फोटोत मीही आहे, पण अर्धाच.

तपासणीवाले गेले आणि शिपाईमामांनी त्याच्यावर फायलींचे गठ्ठे रचले. मला आतून गुदगुल्या झाल्या.

पुढे एके दिवशी तोच सुतार माझ्यासाठी आला. आत-बाहेर करायला माझ्या टोकाला एक उचलायची फळी आहे, तिची बिजागरी करकरत होती. किती काळानं कोणी माझ्यासाठी हत्यारं काढली होती! तेवढ्यात ती भावंडं आली. या वेळी ती स्वतः चाकं फिरवत उतारावरून वर आली होती.

"हे बघ," दादा म्हणत होता, "आज नाही झालं, तर माझ्या नावावर. गाळ्याचा मालक आता थांबत नाही."

"कबूल. पण तोवर तू मध्ये बोलायचं नाहीस."

शिपाईमामांनी पुटपुटत गठ्ठे उचलले. कारकुनांनी रजिस्टर बुटक्यावर आणून ठेवलं आणि ते त्याच्यामागे बसले. नियमात दुसऱ्या काउंटरवर नेऊ नका, असं कुठे होतं? ती जोरात पुढे आली आणि ठक्क! खुर्चीची पायटेकणी पुढच्या फळीवर आदळली. तिने अंग ताणलं. पेनाचं टोक काही रजिस्टरापर्यंत पोचेना. माझ्यापुढे झालं तेच त्याच्यापुढे झालं. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

दादाने खिशातून स्वतःचं पेन काढलं.

"काका," ती सुताराला म्हणाली, "माझे गुडघे कुठे ठेवू? ही फळी निघेल का?"

"निघेल की. मी लावणारच नव्हतो."

"अहो, थांबा," कारकून म्हणाले, "साहेबांना विचारायला हवं. ते मीटिंगला गेलेत."

"हा काउंटर कुणासाठी केलाय?" तिने वरच्या पाटीवरच्या व्हीलचेअरच्या चित्राकडे बोट दाखवलं. "मग मला विचारून झालं."

कारकुनांनी डोकं खाजवलं. "काढ बाबा. साहेबांनी विचारलंच, तर वाळवी लागली होती म्हणू."

"एवढ्यात?" शिपाईमामा म्हणाले. "अजून तर वास गेला नाही त्याचा."

सुतार माझी बिजागरी अर्धवट सोडून उठला. माझं काम टाकून, त्या प्लायवूडसाठी! फळी डिंकानं पक्की बसवली होती, करवतच चालवावी लागली. तो आवाज मला सोसत नाही. मग तिचे गुडघे आत गेले. तिने कोपर टेकवलं आणि रजिस्टर पुढ्यात ओढलं. कारकुनांचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला. आता ते वळणार तरी कुणाकडे?

"शिक्षण?" त्यांनी तिलाच विचारलं. "गाळा कुठे आहे तुमचा?"

तिने सगळं सांगितलं आणि सही केली, मोठी, ठसठशीत. मग म्हणाली, "साहेब, तुमच्या मोबाइलची काच तडकलीय. दुकान उघडलं की आणा."

"किती घ्याल?"

"आधी बघू तर द्या!"

दादा हसला आणि त्याने पेन खिशात ठेवलं.

आता आजीबाई, बुटकी माणसं, कडेवर मूल घेतलेल्या आया, सगळे त्याच्याकडेच जातात. कोपर टेकवून कारकुनांशी वाद घालतात, हसतात. माझ्यापुढे इतकी वर्षं इतके लोक उभे राहिले, पण असं कोणी बोललं नाही. माझी बिजागरी अजून करकरते.

मित्रांनो, त्या बुटक्यावर फायली रचू नका आणि शोभेसाठी त्याला पुढून बंद करू नका. हे सांगताना मला आनंद होतो असं नाही, तरी सांगतो. आणि माझं एक मागणं आहे. सुतार बिजागरीसाठी परत येईल, तेव्हा त्याला म्हणावं, करवतही घेऊन ये. माझं लाकूड चांगलं आहे. अर्धं कापलं तरी टिकेल.